विलासचा सीझन आणि आमचा

नागपुरात उन्हाळे दोन असतात. एक लोकांचा. ते खिडकीला कूलर लावतात, दुपारी पडदे ओढून झोपतात आणि संध्याकाळी उसाचा रस प्यायला बाहेर पडतात. दुसरा आमचा, म्हणजे शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांचा. शाळा सुटल्या की आमची शाळा भरते. मार्च ते जून एवढ्या दिवसांत वर्षाचं काम उरकायचं. शाळा उघडल्यावर तयार झालेली पँट आणि दसरा झाल्यावर आणलेली आपट्याची पानं, दोन्हींचा उपयोग सारखाच.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत अशा एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं काढली. शेवटची अकरा कटिंग विभागाची प्रमुख म्हणून. 'कारखान्यात काय करता?' असं कुणी विचारलं आणि मी 'कापते' म्हटलं की लोक जरा मागे सरकायचे, म्हणून इथे नीट सांगते. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, शंभर, सव्वाशे, दीडशे. सगळ्यात वर एक कागद. त्यावर बाह्या, कॉलर, खिसे, पाय असे सगळे तुकडे आखलेले असतात, एकमेकांच्या कुशीत बसवून, म्हणजे कापड वाया जात नाही. या कागदाला मार्कर म्हणतात. मग कटर, म्हणजे कापणारा कारागीर, उभ्या पात्याचं विजेचं मशीन त्या रेषेवरून चालवतो. शंकरपाळे कापावेत तसंच, फक्त दीडशे पोळ्या एकावर एक रचून. शिंप्याचं चुकलं तर एक शर्ट बिघडतो, कटरचं चुकलं तर दीडशे. डाव्या हाताने कापड दाबून धरावं लागतं, म्हणून त्या हातात लोखंडी जाळीचा मोजा घालायचा असतो. तो उन्हाळ्यात तापतो, जड लागतो आणि घालायचा कुणालाच आवडत नाही. माझ्या नोकरीचा निम्मा वेळ 'मोजा कुठे आहे?' हे विचारण्यात गेला.

विलास आमचा सगळ्यात चांगला कटर. पस्तिशीचा, सडपातळ, अबोल. सक्करदऱ्यात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये आम्ही एकाच थांब्यावर चढायचो. तो 'नमस्कार मॅडम' म्हणायचा, खिडकीला डोकं टेकायचा आणि हिंगण्यालाच डोळे उघडायचा. चार वर्षांत त्याचं माझं संभाषण एवढंच. त्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

एका सीझनला तो बसमध्ये झोपेनासा झाला. ड्रायव्हरला रस्ते सुचवायला लागला, बायकांना वरणात काय घालावं ते सांगायला लागला. कामावर तर विचारूच नका. दोन टेबलं एकटा सांभाळायचा, जेवायला उठायचा नाही, थांबायला सांगितलं की आनंदाने थांबायचा आणि सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. वर शिट्टी. आता बाहेरच्या कुणालाही यात काहीतरी खटकलं असतं. पण आमच्याकडे सीझनमध्ये जो चार तास झोपतो, जेवण विसरतो आणि दोन माणसांचं काम ओढतो, त्याला आजारी म्हणत नाहीत, आदर्श कामगार म्हणतात. मी तर रीतसर म्हटलं. माझ्याच शिफारशीवरून एप्रिलमध्ये त्याचा फोटो हार घालून नोटीस बोर्डावर लागला. बाकीच्यांना मी त्या फोटोसमोर उभं करून भाषण दिलं, की बघा, याला म्हणतात झोकून देणं.

मे महिन्यात त्याने पँटी कापल्या. एका मोठ्या शाळेची ऑर्डर होती, सहावी-सातवीच्या मुलांची. मार्करवर जो पाय आखला होता, त्याच्या बाहेरून विलासने स्वतःची रेषा मारली आणि प्रत्येक पँट दोन इंच लांब कापली. एक-दोन नाही, दोन दिवस मन लावून कापल्या. मला कळलं तेव्हा शेवटच्या दोन मापांना कापडच उरलं नव्हतं. मी ओरडत गेले तर तो मशीन बंद करून, एखाद्या लहान मुलीला समजवावं तसा मला म्हणाला, "मॅडम, वर्षभरात पोरगं वाढते. मंग पँट काहून नाही वाढत?"

मुद्दा बिनतोड होता, हीच पंचाईत. शाळेने आरडाओरडा केला, आयांनी मात्र मुकाट्याने दोन इंच दुमडून हातशिलाई घातली. पुढच्या वर्षी कित्येक पालकांनी दुकानात 'मागच्या वर्षीसारख्या लांब' पँटी मागितल्या. हे मी आमच्या सेठना आजवर सांगितलेलं नाही आणि ते दिवाळी अंक वाचत नाहीत, या भरवशावर इथे लिहिते आहे.

सेठ म्हणजे आमचे मालक. इतवारीत त्यांच्या घराण्याचं कापडाचं दुकान आहे. सकाळी ते तिथे गादीवर बसतात आणि दुपारी कारखान्यात येऊन आमच्या डोक्यावर बसतात. विलासने त्यांना रोज पहाटे पाचला फोन करून प्रत्येक जिल्ह्यात शाखा उघडायची योजना ऐकवली होती, हे तेव्हा बाहेर आलं. सेठना वाटत होतं, आदमी जोश में है. पँटींनंतर त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. विलास त्यांनाच तासभर बोलला आणि गेटबाहेर निघून गेला.

शाळा उघडायच्या सुमारास तो परत आला, पण जो परत आला त्याच्यातून हवा निघून गेलेली होती. दाढी वाढलेली, नजर जमिनीला. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की सेठ रागावले म्हणून रुसला आहे. मीही त्याला बरेच सल्ले दिले. पहाटे फिरायला जा. मन गुंतवून ठेव. भिजवलेले बदाम खा. त्याने मान हलवली. मग हजेरीत तो लागोपाठ गैरहजर दिसायला लागला. मला आश्चर्य वाटलं, कारण रोज सकाळी बसमध्ये तो माझ्या मागच्याच सीटवर असायचा. संध्याकाळी ड्रायव्हरने सांगितलं, गेटवर सगळे उतरतात, विलासभाऊ उतरत नाही. बस वडाखाली उभी राहते, तो दिवसभर आत बसून राहतो आणि संध्याकाळी तिच्यातच घरी जातो. तीन दिवस झाले.

मी त्याच्या घरी गेले ती रागातच. त्याची बायको वर्षा, शाळेत खिचडी शिजवायला जाते, बारीक चणीची, चटचट बोलणारी. तिने मला बसवलं आणि चहाच्या आधी एक फाइल माझ्या हातात दिली. आत सहा वर्षांचे कागद. आजाराचं नाव बायपोलर. मराठीत त्याला द्विध्रुवीय म्हणतात, भूगोलाच्या पेपरात यावं तसं. वर्षा साधं म्हणाली, चढ-उताराचा आजार. काही महिने माणूस चढतो, मग तितकाच खाली येतो, मधले दिवस तुमच्या-माझ्यासारखा असतो. गोळ्या जन्मभर. आधीच्या नोकरीत त्याने खरं सांगितलं होतं, महिन्याभरात त्याला काढलं. म्हणून आमच्याकडे झाकून ठेवलं.

"सांगतलं तर नोकरी जाते मॅडम," ती म्हणाली, "आन नाही सांगतलं तर मानूस जाते. तुम्हीच सांगा, काय कराव?"

मी फाइल मिटून तिला परत दिली. आत विलास भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हटलं की तुझी जागा आहे, बरा होऊन ये. असं सांगायचा मला काही अधिकार नव्हता.

अधिकार सेठचा होता आणि त्यांचं मत ठरलेलं होतं. आदमी चांगला, पण हातात पातं असलेल्या जागी असा माणूस नको. मी दोन दिवस भांडले. म्हटलं, तुमचं जनरेटर दर उन्हाळ्यात बसतं, ते तुम्ही भंगारात काढता का, की माणूस बोलावून नीट करून घेता? सेठ म्हणाले, ताई, जनरेटर मला पहाटे पाचला फोन करत नाही. शेवटी कंटाळून त्यांनी हात वर केले. "ठीक है. पण जिम्मेदारी तुमची." मला वाटलं, मी जिंकले.

विलाससोबत मी एकदा त्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बदामांविषयी काही विचारलं नाही. सीझनमध्ये त्याची ड्युटी कशी असायची, तेवढं विचारलं. मी जरा अभिमानानेच सांगितलं की दहा आठवडे रोज चार तास जास्त, कधी दिवस, कधी रात्र. त्यांनी पेन खाली ठेवलं. या आजारात झोप मोडली की सगळं मोडतं, त्या म्हणाल्या. मग एकेक सांगितलं. पाळी कायम दिवसाची. जादा तास नाहीत. तपासणीच्या दिवशी रजा, कटकट न करता. उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही, नाहीतर गोळ्या अंगावर येतात. मी परतीच्या वाटेवर मनात बोर्डावरचा तो फोटो पाहत होते. हार मी त्याच्या आजाराला घातला होता, तोही जाहीरपणे, आणि वर दहा आठवडे त्याला खतपाणी दिलं होतं. याची लाज मला आजही वाटते.

ऑगस्टअखेर विलास कामावर आला तर नवीनच अडचण. गोळ्यांनी त्याचा हात बारीक थरथरायचा. भाजीवाल्याला चाललं असतं, कटरला कसं चालणार? पोरं म्हणायची, काय गा विलासभाऊ, हात नाचून राहिला. मी त्याला मशीनवरून काढून कापड अंथरायला लावलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं प्रमाण हळूहळू बसवलं, थरथर कमी झाली आणि दिवाळीनंतर त्याच्या हाती मशीन परत दिलं.

त्याच सुमारास त्याने, वर्षाने आणि मी बसून एक यादी केली. वाया गेलेल्या मार्करच्या कागदावर विलासने स्वतःच्या अक्षरात लिहिली. वर मथळा: मी चढायला लागलो हे कसं ओळखाव. एक, बसच्या आधी गाडीने आलो. दोन, सगळ्यांना पोहे खाऊ घालायला लागलो. तीन, हातमोजा काढला. चार, मॅडमला कारखाना कसा चालवायचा ते शिकवायला लागलो. चौथ्यावर मी हरकत घेतली, कारण ते लक्षण कारखान्यात झाडून सगळ्यांना होतं. तरी त्याने राहू दिलं. खाली करार: यातली दोन दिसली की मॅडम बोलतील, मशीन कपाटात जाईल, विलास वाद न घालता डॉक्टरकडे जाईल. आपल्याला चढताना कळत नाही, उलट फार छान वाटतं, हे तो स्वतःच म्हणाला. म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात.

यादी मिळाली आणि मी फौजदार झाले. तो जरा मोठ्याने बोलला की माझे कान टवकारायचे. चहा दुसऱ्यांदा मागितला की मी मनात नोंद करायची. एकदा कुणाच्या तरी विनोदावर तो पोट धरून हसला आणि मी भर विभागात विचारलं, "विलास, गोळी घेतली ना?" त्याने मशीन बंद केलं.

"मॅडम, मले हसाचीबी परवानगी लागते काय?" तो म्हणाला. "बाकीचे हसले तं खुशी, मी हसलो तं बिमारी?"

मी सगळ्यांसमोर विचारलं होतं म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. तेव्हापासून शिस्त लावून घेतली की महिन्यातून एकदा, दोघांनीच, बसच्या मागच्या सीटवर बोलायचं. झोप कशी आहे, भूक कशी आहे, गोळ्या चालू आहेत का. बाकी दिवस तो कटर आणि मी त्याला 'मोजा कुठे आहे?' विचारणारी बाई. दोन सीझन असे गेले की मी इतर विभागांच्या लोकांना माणसं कशी सांभाळावीत यावर प्रवचनं द्यायला लागले. चौथं लक्षण माझ्यात ठळक दिसत होतं, पण माझी यादी कुणी केली नव्हती.

तिसऱ्या सीझनला मेच्या मध्यावर आमचा एक कटर बहिणीच्या लग्नाला गावी गेला आणि दुसऱ्याला ऊन लागलं. ऑर्डर गळ्याशी आलेली. मी विलासला एक दिवस दोन तास थांबवलं. दुसऱ्या दिवशी परत. आठवडाभर रोज 'आजचाच दिवस' चाललं होतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मला पाठ होतं आणि मी त्यालाही सांगत होते, की एवढं संपलं की तू आठ दिवस घरी.

सोमवारी मी बसमधून उतरले तर विलासची मोटरसायकल गेटवर उभी. आत टेबलावर तर्री-पोह्यांचं मोठं पातेलं, सगळ्यांसाठी. तो प्लेटा भरत होता, शिट्टी वाजवत होता. एक आणि दोन. मी दारात उभी राहिले. बोलायचं होतं. मग डोक्यात हिशेब आला की गुरुवारपर्यंत हा उभा राहिला तर माल शुक्रवारी निघतो. मी मनाशी म्हटलं, माणसाने कधी पोहे आणूच नयेत का? मागे हसण्यावरून बोलले तेव्हा केवढं लागलं होतं त्याला. किती सोयीची आठवण. मी प्लेट घेतली. तर्री चांगली झाली होती.

मंगळवारी तो माझ्यासमोर उगाच दोनदा येऊन उभा राहिला. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. बुधवारी मी त्याला टाळलंच. गुरुवारी दुपारी त्याने मोजा काढला, मी स्टोअरमध्ये होते, आणि डाव्या हाताच्या तर्जनीचं अर्धं पेर गेलं.

पुढचं थोडक्यात सांगते. दवाखान्यातून मी सरळ सेठकडे गेले आणि सांगितलं, की मला सोमवारीच कळलं होतं, मी बोलले नाही, काढायचं तर मला काढा. त्यांनी काहीच सुनावलं नाही. "ताई," ते म्हणाले, "पोहा तो मैंने भी खाया था." विलासची जागा राहिली. औषधोपचार पुन्हा बसले आणि पावसाळ्यानंतर तो कामावर आला. मशीनवर त्याला मी परत उभं केलं नाही, तोही मागायला आला नाही. त्या वर्षी सेठनी मार्कर संगणकावर काढायचं ठरवलं, ते काम तो शिकला आणि आज तो विभाग तोच बघतो. त्याच्या आखणीत कापड इतकं कमी वाया जातं की चिंध्या विकत नेणारा कुरकुरतो. मी गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा माझ्या जागी आलेल्या पोरीसमोर ती यादी त्याने स्वतःच नेऊन ठेवली. पाचवं कलम नवीन घातलं आहे: मॅडमने जादा तास मागितले तर नाही म्हणाव. साडेनऊ बोटांचा माणूस आहे मी, धडा लवकर शिकतो, असंही तिला सांगितलं म्हणे. तिला हसावं की नाही ते कळेना.

पण मला सांगायचं आहे ते त्या गुरुवारनंतरच्या शनिवारचं. मी दवाखान्यात गेले तेव्हा वर्षा डबा आणायला घरी गेली होती. विलास उशीला टेकून बसला होता, हात बांधलेला, औषधांनी जीभ जड झालेली, पण शांत. मी स्टूलवर बसले आणि येताना बसमध्ये घोकलेलं सगळं विसरून एकदम म्हटलं, "विलास, मला सोमवारीच दिसलं होतं."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मलेबी सोमवारी थोडंसं वाटलं होतं मॅडम," तो म्हणाला. "गाडीवर येतानीच वाटलं, हे यादीतलं हाय. मंग मी तुमच्याकडे पाह्यलं. मंगळवारीबी येऊन उभा राह्यलो. तुम्ही काहीच बोलून नाही राहिल्या. मंग म्हनलं, मॅडम काही म्हनत नाही, म्हंजे आपन बरे आहो."

मी त्याच्या चादरीची घडी सारखी करत राहिले. थोड्या वेळाने त्याने विचारलं, ऑर्डर वेळेवर गेली काय.

मी हो म्हटलं. वेळेवर गेली होती.